समाजमाध्यमांवरील खासगीपणा, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि आपली जबाबदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजमाध्यमांवरच्या खासगीपणाची चर्चा बहुतेक वेळा ‘माझी माहिती’ या दोन शब्दांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. प्रत्यक्षात आपण टाकलेल्या जवळजवळ प्रत्येक पोस्टमध्ये, छायाचित्रात किंवा पुढे पाठवलेल्या संदेशात आणखी कोणीतरी असते आणि त्या व्यक्तीला बहुधा कोणी विचारलेले नसते. खालील उत्तरे लिहिताना ही अनुपस्थित व्यक्ती सतत डोळ्यांसमोर ठेवली आहे. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात. त्यामुळे जिथे एखाद्या देशाचा कायदा किंवा न्यायालयाचा निकाल सांगितला आहे, तिथे तो त्या देशापुरताच समजावा.

माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही. मग मी खासगीपणाची काळजी का करावी?

या प्रश्नात खासगीपणा आणि लपवाछपवी यांची गल्लत झालेली असते. घराला दार असते, पत्र पाकिटात घालून पाठवले जाते, डॉक्टर तपासण्यापूर्वी पडदा ओढून घेतात. यांतल्या कोणत्याही कृतीमागे गुन्हा दडलेला नसतो. आपल्याबद्दल कोणाला, कधी आणि कोणत्या कारणासाठी काय कळावे, हे ठरवण्याची मोकळीक म्हणजे खासगीपणा. आजाराची माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने देणारा माणूस तीच माहिती आपल्या वरिष्ठांना द्यायला तयार असेलच असे नाही. माहिती तीच असते, पण ज्या विश्वासाने ती दिली त्या विश्वासाच्या कुंपणाबाहेर ती गेली की इजा होते.

हा विचार आजचा नाही. १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून, आपल्याला एकटे राहू द्यावे हा माणसाचा हक्क आहे, अशी मांडणी केली. चटकन छायाचित्र टिपणारे नवे कॅमेरे आणि लोकांच्या घरगुती गोष्टी छापणारी वृत्तपत्रे, ही त्यामागची तात्कालिक कारणे होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम १२ ने खासगी जीवन, कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांतील मनमानी हस्तक्षेपापासून संरक्षणाचा हक्क मान्य केला. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निकाल दिला.

‘लपवण्यासारखे काही नाही’ हे वाक्य बहुधा सुरक्षित स्थितीतला माणूस उच्चारतो, असे माझे निरीक्षण आहे. छळ करणाऱ्या जोडीदारापासून दूर होऊन नव्या पत्त्यावर राहणारी स्त्री, घरच्यांना न सांगता मानसोपचार घेणारा तरुण, बहुसंख्यांहून वेगळी श्रद्धा किंवा वेगळे प्रेम बाळगणारी व्यक्ती, यांना हे वाक्य परवडत नाही. अशी माणसे आपल्या संपर्क यादीत आणि आपण काढलेल्या छायाचित्रांत असतात, आणि पुष्कळदा ती कोण हे आपल्याला ठाऊकही नसते. म्हणून स्वतःला काही लपवायचे नसले, तरी खासगीपणाची काळजी करण्याचे कारण शिल्लक राहते.

खाते ‘प्रायव्हेट’ केले की माझी माहिती सुरक्षित होते का?

अंशतः होते. समाजमाध्यमावर आपल्याला पाहणारे दोन प्रकारचे असतात : इतर वापरकर्ते आणि ते माध्यम चालवणारी कंपनी. ‘प्रायव्हेट’ हे बटण पहिल्यांपैकी अनोळखी लोकांना दूर ठेवते. कंपनीला मात्र आपण कोणत्या पोस्टवर किती वेळ थांबलो, कोणाच्या खात्यावर वारंवार गेलो, कोणत्या वेळी आणि कोणत्या फोनवरून आलो, हे सारे पूर्वीसारखेच दिसत राहते. शिवाय ज्यांना आपण आत घेतले आहे, त्यांच्यापैकी कोणीही स्क्रीनशॉट काढू शकतो, आणि त्यावर कोणत्याही सेटिंगची सत्ता चालत नाही.

२०१८ मध्ये उघडकीस आलेले केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचार सल्लागार कंपनीचे प्रकरण या बाबतीत आजही लक्षात ठेवण्यासारखे आहे. फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपला सुमारे २,७०,००० लोकांनी परवानगी दिली होती. त्या वेळच्या नियमांनुसार अ‍ॅपला परवानगी देणाऱ्याच्या मित्रांची माहितीही मिळत असे. परिणामी ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अयोग्य रीतीने बाहेर गेली असावी, असे फेसबुकने स्वतः सांगितले. या कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांनी ते अ‍ॅप पाहिलेही नव्हते. त्यांची माहिती त्यांच्या मित्रांच्या होकारावर गेली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी यंत्रणेने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

एखादे अ‍ॅप संपर्क यादी मागते. ती दिल्याने काय बिघडते?

संपर्क यादीतली नावे आणि क्रमांक आपण गोळा केलेले असले, तरी ते आपले नसतात. ते आपल्याला विशिष्ट कामासाठी, विशिष्ट ओळखीतून दिले गेले होते. एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती, तीत दूरध्वनी क्रमांकही होते, इंटरनेटवर खुली आढळली. संपर्क यादीवरून ओळखीचे लोक शोधून देण्याच्या सोयीचा गैरवापर करून ती उपसली गेली होती. मागितलेली परवानगी नाकारूनही अ‍ॅपचे मुख्य काम चालत असेल, तर ती नाकारावी. एकदा दिली असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्यावी आणि शक्य असल्यास आधी चढवलेली यादी पुसण्याचा पर्याय शोधावा.

दुसऱ्याचे छायाचित्र टाकण्यापूर्वी दर वेळी विचारावे लागते का?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर देशावर आणि प्रसंगावर अवलंबून आहे. सार्वजनिक रस्त्यावरील गर्दी, मोर्चा किंवा सभा टिपणे बहुतेक ठिकाणी चालते, आणि चाललेही पाहिजे, कारण अन्यथा अन्यायाचे चित्रण करणेच अशक्य होईल. मात्र ‘काढता येते’ आणि ‘टाकावे’ यांत अंतर आहे. गर्दीचे छायाचित्र आणि गर्दीतल्या एका रडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आणलेला कॅमेरा या वेगळ्या गोष्टी आहेत; दुसऱ्या प्रसंगी त्या माणसाला विचारल्याशिवाय पोस्ट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीच्या मंडळींच्या घरगुती छायाचित्रांबाबत तर विचारणे इतके सोपे असते की न विचारण्याला सबब उरत नाही. आणि होकार एका जागेपुरता असतो : कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला हो म्हणणाऱ्याने सर्वांना दिसणाऱ्या खात्यावर टाकायला हो म्हटलेले नसते.

छायाचित्रात चेहऱ्याखेरीज पुष्कळ काही असते. मागच्या भिंतीवरची पाटी, गाडीचा क्रमांक, शाळेचा गणवेश, टेबलावर उघडा पडलेला कागद यांवरून पत्ता आणि दिनक्रम कळू शकतो. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर छायाचित्राच्या फाइलमध्येच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदली जाते. बरीच मोठी माध्यमे पोस्ट करताना ही नोंद इतरांपासून काढून टाकतात; ई-मेलने किंवा मूळ फाइलच्या रूपात पाठवल्यास ती पाहणाऱ्याच्या हाती जाऊ शकते. अनेक वर्षांपूर्वी एका आजारी नातेवाइकाचे, शुभेच्छा मागणारे छायाचित्र मी भल्या हेतूने टाकले होते. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर नाव आणि आजार दोन्ही वाचता येत होते, हे तीन दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी सांगितले. ज्यांना तो आजार कळू नये अशी त्यांची इच्छा होती, त्यांना तोवर तो कळला होता.

एकेकट्या नोंदी निरुपद्रवी वाटल्या, तरी त्यांची रास बोलकी होते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा नावे वगळलेला एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले, की दुर्गम भागांतल्या लष्करी तळांच्या आकृत्या त्यावर उजळून दिसत आहेत, कारण तिथले सैनिक रोज तळाच्या कडेने धावत होते.

स्वतःच्या मुलांची छायाचित्रे टाकण्यात काय हरकत आहे?

पालकांना मुलांच्या वतीने निर्णय घ्यावे लागतात, आणि आनंद वाटून घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम १६ खासगीपणाचा हक्क मुलालाही देते, आणि आज टाकलेले छायाचित्र ते मूल नोकरीला लागेल तेव्हाही कुठेतरी असू शकते. अंघोळीची, आजारपणाची, रडण्याची, शिक्षेची किंवा नापास झाल्याची छायाचित्रे आणि ध्वनिचित्रफिती टाकूच नयेत. शाळेचे नाव आणि रोजच्या येण्याजाण्याच्या वेळा कळतील असे काही टाकू नये. मूल बोलू लागल्यावर त्याला विचारावे, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर ऐकावे. दुसऱ्यांची मुले आपल्या छायाचित्रात असतील, तर त्यांच्या पालकांचा होकार घ्यावा.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे मनात येईल ते लिहिण्याचा हक्क का?

हा हक्क फार विस्तृत आहे, आणि तो विस्तृतच राहिला पाहिजे. १९४८ च्या जाहीरनाम्यातील कलम १९ प्रत्येकाला मत बाळगण्याचे, माहिती मिळवण्याचे आणि ती सीमांचा विचार न करता कोणत्याही माध्यमातून पोहोचवण्याचे स्वातंत्र्य देते. लोकांना आवडणाऱ्या विचारांना संरक्षणाची गरज क्वचितच पडते; हा हक्क कामी येतो तो अप्रिय, बोचऱ्या, सत्तेला खटकणाऱ्या बोलण्यासाठी.

तरीही तो अमर्याद नाही. १९६६ चा नागरी आणि राजकीय हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार निर्बंधांना मुभा देतो, पण अटी घालतो : निर्बंध कायद्याने घातलेला असावा, तो इतरांचे हक्क व प्रतिष्ठा किंवा राष्ट्रीय सुरक्षा, सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य व नीतिमत्ता अशा नेमक्या हेतूसाठी असावा आणि त्या हेतूसाठी खरोखर आवश्यक असावा. भारतीय राज्यघटनेतही कलम १९(१)(क) हे स्वातंत्र्य देते आणि कलम १९(२) वाजवी निर्बंधांची कारणे मोजून सांगते. त्या यादीबाहेरचे कारण चालत नाही.

२४ मार्च २०१५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ रद्द केले. ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा सैल शब्दांवर त्या कलमाखाली माणसाला अटक होऊ शकत होती. एखाद्या विचाराची चर्चा करणे, त्याची तरफदारी करणे आणि त्यावरून चिथावणी देणे या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बोलणे कितीही अप्रिय असले तरी संरक्षित आहे आणि प्रश्न तिसऱ्या पायरीवर येतो, असे निकालात म्हटले आहे. चिथावणी कशी ओळखावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी केलेल्या २०१२ च्या रबात कृती आराखड्याने सहा गोष्टी पाहायला सांगितल्या : प्रसंग, बोलणाऱ्याचे स्थान, त्याचा हेतू, मजकूर आणि त्याची धाटणी, तो किती दूर पोहोचला आणि त्यातून हानी होण्याची शक्यता किती. हे निकष राज्यसंस्थेसाठी आखलेले आहेत. पण संतापाच्या भरात काही लिहिताना सामान्य माणसानेही ते स्वतःला लावून पाहण्यासारखे आहेत. विशेषतः दुसरा निकष. ज्याला लाखभर लोक वाचतात त्याने एका अनोळखी माणसाचे नाव घेऊन लिहिलेले एक चिडके वाक्य, त्या माणसाच्या दारात झुंड उभी करू शकते.

माझी पोस्ट कंपनीने काढून टाकली. ही मुस्कटदाबी नाही का?

घटनात्मक हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. खासगी कंपनीशी आपले नाते तिच्या अटींनी आणि त्या देशाच्या ग्राहक व माहितीविषयक कायद्यांनी ठरते. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यातील कलम २३० ने वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल माध्यमांना मोठ्या प्रमाणात दायित्वातून मुक्त केले आणि त्यांना आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्भावनेने काढण्याची मोकळीकही दिली. म्हणून ‘माझा घटनात्मक हक्क डावलला’ हा दावा कंपनीविरुद्ध अनेकदा टिकत नाही.

पण तक्रार तिथे संपू नये. जिथे समाजाचे निम्मे बोलणे मूठभर कंपन्यांच्या आवारात चालते, तिथे त्यांनी कोणत्या नियमाने कोणाला गप्प केले, हे विचारण्याचा अधिकार वापरकर्त्याला हवाच. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार मजकूर काढल्यास कारण सांगावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवावी लागते; १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्णपणे लागू आहे. आपण जिथे असू तिथे आधी माध्यमाच्या अंतर्गत अपिलाचा मार्ग वापरावा, मूळ पोस्ट आणि आलेली सूचना जपून ठेवावी आणि पोस्ट सरकारी आदेशावरून काढली की कंपनीच्या नियमाखाली, हे लेखी विचारावे. कारण पुढचा सारा मार्ग त्या उत्तरावर ठरतो.

मी खोट्या नावाने लिहितो. हे बेजबाबदारपणाचे आहे का?

केवळ त्यामुळे नाही. टोपणनावाने लिहिण्याची परंपरा छपाईइतकीच जुनी आहे, आणि भ्रष्टाचाराची माहिती देणारे कर्मचारी, हिंसेतून सुटलेल्या स्त्रिया किंवा दडपशाहीच्या राजवटीतले लेखक यांना दुसरा मार्ग नसतो. संयुक्त राष्ट्रांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिवेदक डेव्हिड के यांनी २०१५ च्या अहवालात, कूटबद्ध (फक्त संबंधितांनाच वाचता येणारा) संवाद आणि निनावीपणा यांना संरक्षण मिळाले पाहिजे, असे सांगितले. टोपणनाव ढाल म्हणून वापरले जाते की दुसऱ्यावर वार करून पळण्यासाठी, यावर त्याची नैतिकता ठरते. दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे नाव आणि छायाचित्र लावून खाते उघडणे हा मात्र तोतयेपणा आहे, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे.

निनावीपणावर फार विसंबूही नये. जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी टपाल क्रमांक एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे, असे संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवले होते. आपण वेगवेगळ्या पोस्टमध्ये सहज सांगितलेले तपशील एकत्र आले की नाव शोधायला फार कष्ट पडत नाहीत.

संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असेल, तर तो कोणीच वाचू शकत नाही ना?

वाटेत कोणी वाचू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना हे संरक्षण दिले : मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. मात्र कोणी कोणाशी, कधी आणि किती वेळा संपर्क साधला, ही बाहेरची नोंद वेगळी असते आणि तिच्यावरूनही पुष्कळ काही समजते. क्लाउडवर घेतलेला बॅकअप वेगळा कूटबद्ध करावा लागू शकतो. आणि दोन्ही टोकांना माणसे असतात. आपल्या फोनला सोपा पासवर्ड असेल किंवा समोरच्याने संभाषणाचा स्क्रीनशॉट पुढे पाठवला, तर कुलपाचा काही उपयोग राहत नाही.

मी ते लिहिले नव्हते, फक्त फॉरवर्ड केले. मग माझी जबाबदारी कशी?

या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वाधिक हानी ‘फक्त’ या शब्दाआडून होते असे मला वाटते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या काळात फोनवरून पसरत होत्या, आणि त्या वर्षी देशाच्या इतर भागांतही अशाच अफवांवरून माणसे मारली गेली. अफवा मूळ कोणी रचली याचा शोध घ्यायला हवा. पण ती गावागावांत पोहोचवणाऱ्या हातांपैकी बहुतेक हात वाईट हेतूचे नव्हते. आपल्या नातेवाइकांची मुले सुरक्षित राहावीत, या काळजीनेच अनेकांनी ती पुढे पाठवली असणार. काळजी खरी होती, माहिती खोटी होती आणि मेले ते पाच जण.

त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा मागोवा घेतला होता. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक आढळली, आणि यंत्रचालित खाती वगळून पाहिले तरी हा फरक कायम राहिला. म्हणजे हे काम माणसेच करतात. खोटी बातमी अधिक नवी, अधिक धक्कादायक वाटते, हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी सुचवले. व्हॉट्सअ‍ॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लावली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकाच ठिकाणापुरती केली. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. थोडा अडथळा आला तरी माणूस थांबतो, हे यातून दिसते. तो अडथळा आपण स्वतःच स्वतःला घालू शकतो.

कायद्याच्या दृष्टीनेही ‘फक्त फॉरवर्ड’ हा भरवशाचा बचाव नाही. बदनामीकारक किंवा अश्लील मजकूर पुन्हा प्रसृत करणारा स्वतंत्रपणे जबाबदार धरला जाऊ शकतो. पाठवण्यापूर्वी एवढे पाहावे : मूळ स्रोत उघडून वाचता येतो का, तारीख काय आहे, छायाचित्र शोधयंत्रात देऊन त्याचा मूळ ठावठिकाणा शोधला तर ते जुने किंवा दुसऱ्या ठिकाणचे निघते का, आणि संदेशात कोणा व्यक्तीचे नाव, चेहरा किंवा क्रमांक आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल आणि पहिल्याचे ‘नाही’, तर तो संदेश आपल्याच फोनवर संपू द्यावा.

ग्रुपचा अ‍ॅडमिन प्रत्येक सदस्याच्या संदेशाला जबाबदार असतो का?

भारतात तरी न्यायालयांनी तसे मानलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय दिला. अ‍ॅडमिन त्या मजकुरात स्वतः सामील असेल, तर गोष्ट निराळी. कायदेशीर दायित्व नसले तरी एखाद्या सदस्याची बदनामी चालू असताना गप्प बसणारा अ‍ॅडमिन आपले काम करत नाही.

टीका कुठे संपते आणि बदनामी कुठे सुरू होते?

मत आणि वस्तुस्थितीचे विधान यांत फरक करावा. ‘हा निर्णय मूर्खपणाचा आहे’ हे मत झाले. ‘या निर्णयासाठी त्यांनी पैसे घेतले’ हे विधान आहे, आणि ते करणाऱ्याकडे पुरावा असावा लागतो. सार्वजनिक पदावरच्या माणसाने अधिक टीका सोसावी, ही अपेक्षा रास्त आहे, कारण त्याने सत्ता स्वीकारली आहे. पण त्याच्या मुलीचे लग्न किंवा पत्नीचा आजार त्या टीकेत येत नाही. सामान्य माणसाचा एक चुकलेला क्षण टिपून हजारोंसमोर टाकणे हे टीकेच्या नावाखाली दिलेली शिक्षा असते, आणि त्या शिक्षेला प्रमाणही नसते, मुदतही नसते. कोणाचा घरचा पत्ता किंवा फोन क्रमांक रागाने जाहीर करणे तर कोणत्याही मतभेदात समर्थनीय नाही.

खासगी संभाषणाचे स्क्रीनशॉट टाकण्याबाबत एक अपवाद मला मान्य आहे. धमकी, छळ किंवा गंभीर गैरव्यवहार उघड करायचा असेल, तर तो विश्वासभंग मानू नये. तेव्हाही तिसऱ्या व्यक्तींची नावे झाकावीत आणि आधी योग्य यंत्रणेकडे जाता येते का, ते पाहावे.

माझी खासगी किंवा बनावट अश्लील छायाचित्रे पसरवण्याची धमकी मिळाली आहे. काय करावे?

सर्वप्रथम, दोष तुमचा नाही. ते छायाचित्र तुम्ही विश्वासाने दिले असले तरी नाही, आणि ते यंत्राने बनवलेले असले तरी नाही. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. बहुधा मागणी वाढत जाते. संदेश, खात्याचे नाव, दुवा आणि वेळ यांची नोंद ठेवावी, मग त्या खात्याची माध्यमाकडे तक्रार करावी आणि पोलिसांकडे जावे. एकट्याने जाऊ नये. विश्वासातले कोणीतरी बरोबर असावे.

डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा प्रौढांसाठी उपलब्ध आहे. तिथे छायाचित्र पाठवावे लागत नाही. आपल्याच उपकरणावर त्याचा अंकीय ठसा तयार होतो, तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि त्या ठशाशी जुळणारे छायाचित्र त्यांच्या माध्यमावर आल्यास ते रोखता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही त्याच धर्तीची सेवा २०२३ मध्ये सुरू झाली. मुलांच्या अशा छायाचित्रांची प्रत पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नये. दुवा नोंदवून थेट यंत्रणेला कळवावे.

आणि असे छायाचित्र तुमच्याकडे आले असेल, तर ते पुसावे, पाठवणाऱ्याला थांबवावे आणि शक्य असल्यास त्या व्यक्तीला सावधपणे कळवावे.

चुकीचे काही पोस्ट झाले. पुसून टाकले की पुरे ना?

पुसल्याने पुढचा प्रसार थांबतो; ज्यांनी आधी वाचले त्यांचा समज तसाच राहतो. म्हणून जिथे चूक केली तिथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती लिहावी, आणि कोणा व्यक्तीविषयी चूक असेल तर तिला वेगळे कळवावे. दुरुस्ती लिहिताना मूळ आरोप पुन्हा तपशिलात उगाळू नये.

इंटरनेटवरची माझी जुनी माहिती पुसून घेण्याचा हक्क मला आहे का?

युरोपीय संघात काही प्रमाणात आहे. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने एका स्पॅनिश नागरिकाच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या जुन्या कर्जवसुलीच्या लिलावाची १९९८ सालची वृत्तपत्रातील सूचना, त्याच्या नावाने शोध घेतला की पुढे येत असे. शोधयंत्राने तो दुवा काढावा, असे न्यायालय म्हणाले. वृत्तपत्राच्या संग्रहातली सूचना मात्र जागेवर राहिली. ही तडजोड मला शहाणपणाची वाटते : इतिहास खोडला गेला नाही आणि एका सामान्य माणसाच्या नावाला तो कायमचा चिकटूनही राहिला नाही. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहिती संरक्षण नियमावलीच्या कलम १७ मध्ये हा हक्क लिहिला गेला, आणि वार्तांकन व सार्वजनिक हिताचे अपवादही त्यातच आहेत. राजकारण्याला आपला जुना घोटाळा पुसण्यासाठी तो वापरता येऊ नये, हे त्या अपवादांचे कारण आहे.

मृत व्यक्तीच्या खात्याचे काय करावे?

काही माध्यमे हयातीतच वारसदार संपर्क, म्हणजे आपल्या मृत्यूनंतर खाते सांभाळणारी व्यक्ती, नेमण्याची सोय देतात. फेसबुकने ती २०१५ मध्ये सुरू केली. ही नेमणूक वेळीच करून ठेवावी, म्हणजे दुःखात असलेल्या घरच्यांना कंपनीशी झगडावे लागत नाही.

खाते उघडून जुने संदेश वाचण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. जर्मनीत पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूनंतर, तो अपघात होता की आत्महत्या हे कळावे म्हणून आईवडिलांनी तिच्या फेसबुक खात्यात प्रवेश मागितला. अपील न्यायालयाने नकार दिला : तिच्याशी बोललेल्या मित्रमैत्रिणींनी ते संदेश तिलाच लिहिले होते. १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या संघीय न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पत्रे आणि रोजनिशी वारसांकडे जातात, तसेच खातेही जाते, असे त्याने ठरवले. आईवडिलांची व्याकुळता पाहता हा निकाल समजण्यासारखा आहे. तरी असे खाते हाती आल्यावर, जे जाणून घेणे आवश्यक आहे तेवढेच वाचावे, आणि तिच्या मैत्रिणींनी विश्वासाने लिहिलेले त्यांचे स्वतःचे दुःख, घरातली भांडणे किंवा प्रेम यांपैकी काहीही त्यांच्या घरच्यांना सांगू नये.